कर वाढताना तुम्ही आत काय करत होतात?

लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीत शेजारच्या सीटवर, गेली काही वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्याचं वय बदलतं, सूर बदलतो, रोख तोच असतो. “ताई, तुम्ही दहा वर्षं आमदार होतात. आमच्यावर कर वाढतात तेव्हा तुम्ही लोक आत बसून काय करता? आणि एवढा पैसा जातो तरी कुठं?”

उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. दोन वाक्यांत दिलं तर ते एकतर सरकारला शिवी होतं नाहीतर सारवासारव होते. आता मला तिकीट मागायचं नाही, कुणाची मर्जी राखायची नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाही. मी पाच वर्षं विरोधी बाकांवर बसले, पाच वर्षं सत्ताधारी बाकांवर, आणि जे सांगणार आहे ते दोन्हीकडे सारखंच होतं.

सुरुवात आमदारकीच्या आधीपासून करावी लागेल. मी पाच वर्षं सरपंच होते. त्यातल्या दुसऱ्या वर्षी पाणीपट्टी वाढवायची वेळ आली. वर्षाला सहाशे होती, ती नऊशे करायची होती. ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात. मी उभी राहून वाढीचं कारण सांगायला लागले तर मागच्या खांबाला टेकून बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, “बाई, आधीच्या सहाशेचं काय केलंस ते सांग. नऊशेचं मग बोलू.” सभामंडप एकदम शांत. ग्रामसेवकानं कपाटातून रजिस्टर आणलं. मी वाचत गेले. लाईट बिल, शिपायाचा पगार, टीसीएल पावडर, व्हॉल्व्हची दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग. रिवाइंडिंग हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा एका पोरानं थांबवलं. एका वर्षात तीनदा? तीन बिलांची बेरीज तिथंच झाली, आणि नवी मोटर घेतली असती तर त्यात थोडेच पैसे घालावे लागले असते हे सगळ्यांना दिसलं. मलाही तेव्हाच दिसलं. ती तिन्ही बिलं मीच सही करून मंजूर केली होती.

वाढ मंजूर झाली. अट एकच घातली गेली, नव्या मोटरचं बिल आणि वर्षाचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा. त्या वर्षी वसुलीसाठी दारोदार फिरावं लागलं नाही.

हा प्रसंग मला विधान भवनात फार आठवायचा, कारण तिथं खांबाला टेकून बसलेली ती आजी नव्हती. तिचं काम माझं होतं. तिच्यासारख्या तीन लाख मतदारांनी मला त्याच कामासाठी आत पाठवलं होतं.

पहिल्या अर्थसंकल्पाच्या दिवशी पुस्तकांचा हा मोठा गठ्ठा हातात पडला. रात्री आमदार निवासातल्या खोलीत मी तो कॉटवर पसरला. महसुली जमा, महसुली खर्च, भांडवली खर्च, प्रत्येक खात्याच्या मागण्यांचं वेगळं पुस्तक, लेखाशीर्षांचे लांबलचक आकडे. मी काय शोधलं? माझ्या तालुक्यातल्या रस्त्यांची नावं. व्हाईट बुकात, म्हणजे मंजूर कामांची यादी छापलेल्या पुस्तकात, आपलं काम आलं की नाही, हे बघायला मी रात्री दीडपर्यंत जागले. चार कामं सापडली, तेव्हा आनंदानं गावात फोन लावले. राज्य किती कर्ज काढणार आहे, ते कशासाठी काढणार आहे, ज्या पानावर हे छापलं होतं ते पान मी त्या रात्री उघडलं नाही. पुढचीही काही वर्षं उघडलं नाही.

आता आमदाराला कायद्यानं काय करता येतं ते ऐका, कारण हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, आणि आतही पुष्कळांच्या ध्यानात नसतं. राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे सरकारनं मांडलेल्या खर्चाच्या मागणीवर विधानसभेला तीनच गोष्टी करता येतात. ती मान्य करायची, नाकारायची किंवा रक्कम कमी करून मान्य करायची. वाढवता येत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताच येत नाही, म्हणजे खर्चाचा प्रस्ताव सरकारकडूनच यावा लागतो. कराचंही तसंच. कलम २०७ म्हणतं की कर लावणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून आणता येणार नाही, पण कर कमी करणारी किंवा काढून टाकणारी दुरुस्ती सुचवायला कुणाच्याच शिफारशीची गरज नाही. कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार असा काही भारित खर्च असतो, त्यावर बोलता येतं, मतदान करता येत नाही. बाकी सगळ्यावर साध्या आमदाराच्या हातात घटनेनं कात्री दिली आहे. थैली दिलेली नाही.

आणि आम्ही दिवसभर काय करायचो? मागायचो. रस्ता द्या, पूल द्या, उपकेंद्र द्या, सभागृह द्या, तालुका क्रीडा संकुल द्या. कपात सूचना नावाचं जे हत्यार आहे, ज्यानं खर्चाला कात्री लावायची, तेसुद्धा आम्ही मागण्यासाठीच वापरत होतो. सूचनेचा मजकूर असा असायचा की अमुक खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, कारण माझ्या मतदारसंघात अमुक काम झालेलं नाही. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये, आणि तेही जास्त खर्च करून घेण्यासाठी. मी अशा कितीतरी सूचना दिल्या. पाचशे कोटींची एखादी योजना खरंच नको, तिचे पैसे वाचवा, असं सांगणारी एकही कपात सूचना माझ्या नावावर नाही. दहा वर्षांत एकही नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण तुम्ही विचारलंत ते याचंच उत्तर मिळावं म्हणून.

मागण्यांवरच्या चर्चेचे दिवस ठरलेले असतात. काही खात्यांवर चर्चा होते, रात्री उशिरापर्यंत चालते, समोर बाकं रिकामी असतात. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” होय. “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.” नाही. “होयचे बहुमत.” मग पुढची मागणी. त्यावर विनियोजन विधेयक, म्हणजे हा पैसा तिजोरीतून काढायची परवानगी देणारं विधेयक येतं, ते वरच्या सभागृहाला फार तर चौदा दिवस ठेवून घेता येतं, आणि पैसा खर्च करायला सरकार मोकळं. सहाशे रुपयांच्या पाणीपट्टीला गावात तीन तास लागले होते.

यात पुरवणी मागण्या वेगळ्याच. अर्थसंकल्पात न धरलेला खर्च अचानक उभा राहिला, पूर आला, दुष्काळ पडला, तर त्यासाठी कलम २०५ मध्ये ही सोय आहे. ती हवीच. पण २०२४ साली २८ जूनला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मधे अकरा दिवस. अकरा दिवसांपूर्वी जो खर्च माहीत नव्हता असा हा खर्च होता का? मी तेव्हा सभागृहात नव्हते, घरी बसून बातमी वाचत होते. आत असते तर काय केलं असतं, हेही मला माहीत आहे. यादीत माझ्या तालुक्याचं काय आलंय ते आधी बघितलं असतं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की ताई आता म्हणणार, कर वाढवूच नयेत. तसं मी म्हणत नाही. माझं घर एका करामुळे उभं राहिलं आहे.

भाचीला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं पगाराची स्लिप मला फोनवर पाठवली. तिच्यात एक ओळ होती, “पी.टी. २००”. हा व्यवसाय कर. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. त्याहून जास्त व्यवसाय कर घ्यायला घटनेच्या कलम २७६ नं बंदी घातली आहे, आणि ही अडीच हजारांची मर्यादा १९८८ पासून तीच आहे. तिला या दोनशेंचा राग आला होता. मी तिला तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची गोष्ट सांगितली.

१९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मी लहान होते. दुपारी कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः अर्धीच खायची, उरलेली पदराच्या गाठीला बांधून आमच्यासाठी आणायची. ती तोंडात धरली की आधी कोरडी लागायची, मग हळूहळू गोड. दुष्काळ सरला, तरी उन्हाळ्यात गावात काम नसायचंच. पुढं रोजगार हमी आली. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना त्यांची. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग आधी झाला होता. पण काम द्यायचं तर मजुरीला दरसाल पैसा लागणार, तो कुठून आणायचा? त्या विधिमंडळानं हा प्रश्न टाळला नाही. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदारांच्या, डॉक्टर-वकिलांच्या, दुकानदारांच्या कमाईतून थोडं घ्यायचं आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, हे उघड सांगून कर लावला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची, असंही ठरलं. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर दुकानांसाठी, कारखान्यांसाठी रोजगार हमी उपकराची ओळ असते, तीही त्यातलीच.

आमच्या गावाचा पाझर तलाव या पैशातून झाला. आईचं नाव त्याच्या हजेरीपटावर होतं. बाईला आणि गड्याला कामाचा दर सारखा होता, आणि आमच्या गावात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या तलावाखालच्या विहिरींना अजून मार्चपर्यंत पाणी असतं. मुंबईत, पुण्यात बसलेल्या, आमच्या गावाचं नावही न ऐकलेल्या लोकांनी हा कर भरला. काही कुरकुरले असतील, पण कशासाठी भरतोय हे त्यांना सांगितलेलं होतं.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं बरोबर जो विचारायला हवा तोच प्रश्न विचारला, “मग मावशी, आता माझे दोनशे कुठं जातात?” २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला. व्यवसाय कर राहिला. स्लिपवर दोनच अक्षरं उरली, पी. टी. ती कशासाठी आहेत हे कापणाऱ्या कंपनीला सांगता येत नाही आणि भरणाऱ्या मुलीलाही नाही.

कराचं नाव असं पुसलं जाणं मी माझ्या डोळ्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं ते २०१५ साली. मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. सप्टेंबरच्या अखेरीला सरकारनं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. दारू, सिगारेट, शीतपेयं, सोनं यांवरचाही कर वाढवला. दुष्काळ निवारणासाठी सोळाशे कोटी उभे करायचे, असं सांगितलं. मी तेव्हा सत्ताधारी बाजूला होते आणि मी या वाढीची पाठराखण केली. मतदारसंघात सभा घेऊन केली. लातूरकडे बघा, जनावरांना चारा नाही, दोन रुपये द्यायला आपण मागे सरायचं का, असं मी बोलले आणि लोकांनी मान डोलावली. एक रिक्षावाला म्हणाला, “ताई, चाऱ्याला जाणार असतील तर चार घ्या.”

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला. दुष्काळ हटला आणि दोन रुपये तिथंच राहिले. पुढं त्यात आणखी अधिभार चढले, कधी थोडे उतरले, पण दुष्काळाच्या नावानं घेतलेले पैसे आता थांबवतोय असं सांगायला कुणी सभा घेतली नाही. मीही घेतली नाही. त्या रिक्षावाल्यानं एकदा स्टँडवर हटकलं, “ताई, चारा अजून चालूच आहे का?” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. करवाढीनं लोक दुखावतात ते पैशानं कमी. आपल्या चांगुलपणाला साद घालून घेतलेला पैसा नंतर कुणी कबूलच करत नाही, ते त्यांना जास्त लागतं.

म्हणून कर लावताना त्याचं काम आणि त्याची मुदत कायद्यातच लिहावी, मुदत संपली की पुन्हा सभागृहासमोर यावं लागावं, असं माझं ठाम मत झालं आहे. अर्थखात्यातले जाणकार यावर म्हणतात की सगळा महसूल एकत्रित निधीत जातो, प्रत्येक कराला काम बांधून दिलं तर सरकारचे हात बांधले जातात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पूर आला तर रस्त्याचे पैसे पुराकडे वळवता आले पाहिजेत. पण गेल्या पन्नास वर्षांत हात मोकळे राहिल्यानं जे झालं ते मी बघितलं आहे, आणि वाढीव कराच्या बाबतीत तरी ते हात थोडे बांधलेलेच मला बरे वाटतात.

आज राज्याच्या हातात कर उरलेत तरी किती? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जकात गेली, बहुतेक मालावरचा व्हॅट गेला. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. तिथं केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. महाराष्ट्राला एकट्याला तिथं काही वाढवता येत नाही की कमी करता येत नाही. पाच वर्षं केंद्रानं नुकसानभरपाई दिली, ती जून २०२२ ला संपली. राज्याला स्वतः वाढवता येईल असं उरलं काय, तर मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, वाहन कर, विजेवरचं शुल्क आणि दारू. पैसा कमी पडला की याच चार-पाच ठिकाणी हात जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराच्या स्टॅम्प पेपरवर होणारी कामं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर गेली. तहसीलच्या आवारात वाटणीपत्र करायला आलेल्या माणसाला कुणी सांगितलं का, की वरचे चारशे कशासाठी?

जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. या आणि दारूवरच्या सोबतच्या इतर वाढींतून वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. दारू महाग झाली तर वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. मी आमदार असताना एका गावात ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान झालं. दुकान राहावं असं वाटणाऱ्यानं उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटणाऱ्यानं आडव्या. बायका पहाटेपासून रांगेत होत्या. एक जण बाळंत होऊन बारा दिवस झालेली होती, ती बाळाला सासूकडे देऊन आली होती. बाटली आडवी झाली तेव्हा त्या ज्या रडल्या ते मी विसरू शकत नाही. त्या रडण्याच्या बाजूनं मी होते, आणि त्याच मार्चमध्ये राज्य उत्पादन शुल्काचं वाढीव उद्दिष्ट धरलेल्या अर्थसंकल्पाला मी होय म्हटलं होतं. ज्या सरकारचा खर्च दारूच्या पैशावर दरवर्षी जास्त टेकतो, ते सरकार आडव्या बाटलीच्या बाजूनं मनापासून कसं उभं राहील? करवाढीचा हा भाग मला सगळ्यात जास्त सलतो.

मग लोक विचारतात, लाडक्या बहिणीचं काय? जून २०२४ च्या त्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार. वर्षाचा खर्च ४६,००० कोटी धरला होता, २०२५-२६ साठी तरतूद झाली ३६,००० कोटींची. हे पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारची एक बाई, आयुष्यात पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या नावाचं पासबुक घेऊन गेली. गुडघ्यांचं दुखणं तिनं चार वर्षं अंगावर काढलं होतं, कारण दवाखान्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरायचा नव्हता. त्या दीड हजारांतून तिनं गुडघ्यांचा एक्स-रे काढला. माझी तक्रार योजना आणणाऱ्यांच्या धैर्याबद्दल आहे. १९७५ साली विधिमंडळानं शहरातल्या माणसाला सांगितलं की खेड्यातल्या बाईच्या मजुरीसाठी तू कर भर. २०२४ साली कुणाला काहीच सांगितलं नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. मधली ४५,८९१ कोटींची तूट कर्जातून. धरण बांधायला, रस्ता करायला कर्ज काढलं तर ते पुढं फिटतं. पगार, अनुदानं, व्याज भागवायला कर्ज काढणं म्हणजे ऋण काढून सण. राज्याचं एकूण कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढं गेलं आहे. ते माझी भाची फेडणार, आणि त्या एक्स-रे काढणाऱ्या बाईची नातही. योजना हवी असेल तर तिचा कर नाव घेऊन मागा. मी सभा घेऊन त्याची बाजू मांडेन.

खर्चाची एक गोष्ट सांगते, तिच्यात दोष माझा आहे. आमच्या भागात एका ओढ्यावर पूल व्हायचा होता. मी पाठपुरावा करून तो व्हाईट बुकात आणला. काम साडेचार कोटींचं, पहिल्या वर्षीची तरतूद दहा लाखांची. असं चालतं हे मला माहीत होतं. काम एकदा पुस्तकात आलं की भूमिपूजन करता येतं, नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो, पैसे पुढं येतील तसे येतील. मी अशी एक नाही, बावीस कामं आणली. बावीस कामांना दहा-दहा लाख देण्याऐवजी पाच कामं पुरी करा, असं म्हणणं माझ्या हातात होतं. मग सतरा गावांना नाही म्हणावं लागलं असतं. ठेकेदारानं दोन खांब उभे केले, बिल दोन वर्षं मिळालं नाही, तो यंत्र उचलून गेला. खांबांच्या वरच्या टोकाला उघड्या सळ्या आहेत, त्या गंजून त्यांचे तांबूस ओघळ खाली आलेत. काठावर कोनशिला आहे, काळ्या दगडात कोरलेलं माझं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. पावसाळ्यात पोरं दप्तर डोक्यावर घेऊन त्या कोनशिलेपासूनच पाण्यात उतरतात. आता पूल पुरा करायचा तर नवं अंदाजपत्रक दुपटीच्या आसपास जातं. जादा पैसा तुमच्या करातून जाणार, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी विचारणार नाही.

पगाराचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर बाकीचं सांगण्याचा मला हक्क नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचे पगार आणि माजी आमदारांचं निवृत्तिवेतन वाढवणारं विधेयक अधिवेशनाच्या शेवटी दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. मी जागेवर होते. वाढ योग्य की अयोग्य हे बाजूला ठेवा, कार्यकर्त्यांचा राबता, फिरणं, कार्यालय हा खर्च खरा असतो. पण चर्चेविना का? आज मला महिन्याला पन्नास हजारांहून जास्त निवृत्तिवेतन मिळतं. ते मिळतं म्हणूनच मला वाटतं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं हे अजून माझं काम आहे.

गेल्या महिन्यात गावात ग्रामसभा झाली. विषय घरपट्टीच्या वाढीचा. सरपंच तरुण आहे, हुशार आहे, त्यानं आदल्या दिवशी घरी येऊन विनंती केली की ताई, तुम्ही दोन शब्द बोला, तुमचं ऐकतात. मी म्हटलं, बोलते, पण आधी रजिस्टर वाचून होऊ दे. त्यानं वाचलं. दिवाबत्तीच्या खर्चावर लोक अडले. खांब किती, दिवे किती, बिल एवढं कसं, यावर तासभर गेला. दोघं जण बॅटरी घेऊन गल्लीतले दिवे मोजून आले. नऊ दिवे जास्त लिहिलेले निघाले. ठेकेदाराचं बिल तेवढ्यानं कमी करायचं ठरलं, वाढीचा आकडाही थोडा खाली आला, वाढीव पैसा गटाराच्या कामालाच जाईल आणि दोन वर्षांनी पुन्हा सभेपुढे येईल असं ठरावात लिहिलं गेलं. ठराव मताला आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. मी हात वर केला, वाढीच्या बाजूनं.